कर्णधारपदाच्या आधीची दहा वर्षे



२०२० सालच्या अर्जुन पुरस्कारांच्या यादीत आपल्या धाराशिव जिल्ह्यातले एक नाव होते. रुईभर गावची सारिका काळे, भारतीय महिला खो-खो संघाची माजी कर्णधार. खो-खोच्या वाट्याला हा पुरस्कार तब्बल २२ वर्षांनी आला. त्याआधी १९९८ साली शोभा नारायण यांना तो मिळाला होता. बातमी आली तेव्हा सारिका २७ वर्षांच्या होत्या आणि तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होत्या. आपले जळकोट तुळजापूर तालुक्यातच येते, म्हणजे इथल्या शाळांच्या मैदानांशी ज्या कार्यालयाचा संबंध, त्याच कार्यालयात हा पुरस्कार आला. त्या दिवसांत त्यांनी वृत्तसंस्थेला जे सांगितले, त्यातली एक गोष्ट अनेकांनी वाचली, हळहळ व्यक्त केली आणि सोडून दिली. जवळजवळ दहा वर्षे आपल्याला दिवसातून एकदाच जेवण मिळत असे, असे त्या म्हणाल्या होत्या. आजचे व्याख्यान या एका वाक्यावर आहे. खेळाडूच्या संघर्षाची सजावट म्हणून हे वाक्य वापरण्याची आपल्याला सवय आहे. मला ते पुरावा म्हणून वाचायचे आहे, आणि पुरावा आहे तो आपल्याविरुद्धचा, या समाजाविरुद्धचा.

त्यांच्या कारकिर्दीतले प्रसिद्ध झालेले तपशील एका ओळीत मांडून पाहू. वयाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे २००६ च्या सुमारास, स्वतः खो-खो खेळणाऱ्या मामा-काकांच्या पिढीतल्या एका नातेवाइकाने त्यांना मैदानावर नेले. आई शिवणकाम आणि घरकाम करायची, वडिलांना शारीरिक मर्यादेमुळे फारशी कमाई करता येत नव्हती, आणि घर चालायचे ते आजी-आजोबांच्या मिळकतीवर. स्पर्धेला किंवा शिबिराला गेले की तेवढ्यापुरते नीट खायला मिळायचे. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीला झालेल्या बाराव्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या महिलांनी सुवर्णपदक जिंकले, तेव्हा संघाच्या कर्णधार त्या होत्या. त्याच वर्षी इंदूरला झालेल्या आशियाई स्पर्धेतही भारताने बाजी मारली. २०१९ मध्ये शासकीय नोकरी, २०२० मध्ये अर्जुन. आता मधली अंतरे मोजा. मैदानावरच्या पहिल्या दिवसापासून देशाच्या कर्णधारपदापर्यंत दहा वर्षे, आणि पहिल्या स्थिर पगारापर्यंत साधारण तेरा. देशाने, राज्याने आणि समाजाने जे काही दिले ते जवळजवळ सगळे या तेरा वर्षांच्या शेवटच्या टोकाला दिले. खेळाडू घडला मात्र त्याच्या आधी.

माझे म्हणणे एवढेच आहे की आपण खेळावरचा पैसा चुकीच्या टोकाला खर्च करतो, आणि त्यामुळे आपल्या हातून जी माणसे निसटतात त्यांत सर्वांत आधी निसटते ती कर्णधार होऊ शकली असती अशी मुलगी. या म्हणण्याचा दुसरा भाग जरा उलगडून सांगायला हवा, कारण कर्णधार म्हणजे नाणेफेकीला जाणारा आणि चषक हाती घेणारा गडी, एवढीच कल्पना अनेकांच्या मनात असते.

खो-खो पाहायला सोपा आणि खेळायला फार गुंतागुंतीचा खेळ आहे. बारा जणींचा संघ, त्यांतल्या नऊ मैदानात. आक्रमण करताना आठ जणी मध्यपाटीवरच्या चौकोनांत एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेल्या, नववी पाठलाग करणारी. तिने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत गेल्याशिवाय वळता येत नाही, मध्यपाटी ओलांडता येत नाही. पळणाऱ्या तिघींना मात्र सगळे मैदान मोकळे. म्हणजे नियमांनी बांधलेल्या नऊ जणींनी मोकळ्या तिघींना बाद करायचे, आणि हाताशी असते एकच हत्यार, योग्य क्षणी योग्य पाठीला दिलेला खो. कोणती मुलगी खांबाजवळ बसवायची, कारण तिचा सूर लांब जातो. कोणाला मधल्या चौकोनात ठेवायचे, कारण ती बसल्या जागेवरून झटक्यात उठते. संरक्षणाच्या पहिल्या तुकडीत कोण, आणि पहिली तुकडी लवकर बाद झाली तर दुसरीतली कोण दमाने साखळी खेळून वेळ काढील. डाव वेळेआधी संपवून टाकायचा की ओढायचा, हे सगळे कर्णधाराने ठरवायचे असते. धावणाऱ्यांचा क्रम आधीच गुणलेखकाकडे नोंदवावा लागतो, त्यामुळे अंदाज चुकला तर तो नंतर दुरुस्त करता येत नाही. असला अंदाज वेगातून येत नाही, ताकदीतूनही येत नाही. शेकडो सामने खेळून, पाहून, हरून तो अंगी मुरतो. चपळ खेळाडू दोन-तीन वर्षांत तयार होऊ शकते. कर्णधाराला आठ-दहा वर्षे लागतात. म्हणून एखाद्या गावात मुली तीन-चार वर्षे खेळून खेळ सोडत असतील, तर त्या गावाला चपळ खेळाडू मिळत राहतील, कर्णधार मिळणार नाही.

आता या दहा वर्षांकडे दूरच्या एका उदाहरणाच्या उजेडात पाहू. बर्फावरची हॉकी आपल्यापैकी बहुतेकांनी टीव्हीवरच पाहिली असेल, आपल्या देशात ती लडाखसारख्या थंड प्रदेशात खेळतात. कॅनडात तो घराघरातला खेळ आहे. तिथल्या नोव्हा स्कोशिया प्रांतातला सिडनी क्रॉस्बी हा आघाडीचा खेळाडू २००५ मध्ये, अठरा वर्षे पूर्ण व्हायच्या सुमारास, पिट्सबर्ग पेंग्विन्स या व्यावसायिक संघाने पहिल्या क्रमांकाने निवडला. २००७ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, तो त्या संघाचा कर्णधार झाला. २००९, २०१६ आणि २०१७ अशी तीन वर्षे त्याच्या संघाने स्टॅन्ली चषक जिंकला. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्धचा निर्णायक गोल त्याचा होता. या यशापेक्षा मला त्याच्या कारकिर्दीतले अपयशाचे एक वर्ष जास्त बोलके वाटते. जानेवारी २०११ मध्ये डोक्याला मार बसून तो मैदानाबाहेर गेला आणि दहा महिन्यांहून अधिक काळ त्याला खेळता आले नाही. परतला, आणि थोड्याच सामन्यांनंतर पुन्हा काही महिने बाहेर बसला. या सगळ्या काळात त्याचा करार चालू होता, उपचार चालू होते, कर्णधारपद त्याचेच होते. २०१२ मध्ये त्याच संघाने त्याच्याशी बारा वर्षांचा, १० कोटी ४४ लाख डॉलरचा नवा करार केला. चार वर्षांनी, २०१६ च्या जूनमध्ये, त्याने दुसरा चषक उचलला.

तेच २०१६ साल सारिका काळे यांचेही होते. त्यांचे प्रशिक्षक डॉ. चंद्रजित जाधव यांनी नंतर जाहीरपणे सांगितले की त्या वर्षी घरच्या पैशाच्या अडचणीने सारिका खचल्या होत्या, खेळ सोडण्याच्या निर्णयापर्यंत आल्या होत्या, खोलीत स्वतःला कोंडून घेतल्याचे त्यांच्या आजीनेच प्रशिक्षकांना कळवले. प्रशिक्षकांनी समजूत घातली आणि त्या मैदानावर परतल्या. देशासाठी सुवर्णपदक जिंकण्याच्या वर्षी देशाची कर्णधार खेळ सोडायला निघते, आणि तिला थांबवायला असतात एक आजी आणि एक प्रशिक्षक. त्या वर्षी मराठवाड्याची स्थिती काय होती तेही आठवावे. पाठोपाठच्या दुष्काळी वर्षांनी माणसे मेटाकुटीला आली होती, एप्रिलमध्ये मिरजेहून शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. शेतावर, मजुरीवर किंवा शिलाई यंत्रावर चालणाऱ्या कोणत्याही घरात त्या वर्षी मुलीच्या खेळाला पैसे उरले असतील असे मला वाटत नाही.

क्रॉस्बीची तुलना अन्यायाची आहे, असे कुणी म्हणेल. कुठे कॅनडातला अब्जावधींचा खेळ आणि कुठे आपला मातीतला. तुलना पैशांच्या आकड्याची असती तर आक्षेप मान्य होता. मी पाहतो आहे तो आधार कधी मिळाला, हे. तिथे संघाने अठरा वर्षांच्या मुलावर पैसा आधी लावला, यश नंतर आले, आणि वाईट काळात पाठ फिरवली नाही. आधार थोडा असो की फार, तो आधी आणि सलग मिळण्याला महत्त्व आहे. जवळचेच उदाहरण हवे असेल तर खडकीच्या धनराज पिल्ले यांचे घ्या. तेही आघाडीचे खेळाडू आणि कर्णधार, पण मैदानी हॉकीतले. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धा खेळलेला हा माणूस खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, मोडक्या हॉकीच्या काठ्या दोरीने बांधून खेळत मोठा झाला. १९९८ मध्ये बँकॉकला त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण जिंकले, आणि त्यानंतर लगेच त्यांच्यासह सात जणांना संघातून वगळण्यात आले. विश्रांती दिली, असे अधिकृतपणे सांगितले गेले. खेळाडूंच्या मानधनाबद्दल आवाज उठवल्याची ही किंमत आहे, अशी चर्चा तेव्हा देशभर झाली. तरीही पिल्ले टिकले, कारण हॉकीला मुंबईतल्या कंपन्यांचे संघ होते, नोकरी होती, आणि लंडन, फ्रान्स, जर्मनी, मलेशियातल्या क्लबांचे दार उघडे होते. एका दाराने नाकारले तर दुसरे होते. आपल्या जिल्ह्यातल्या खो-खो खेळणाऱ्या मुलीला २०१६ पर्यंत दुसरे दार नव्हते. रेल्वे आणि विमानतळ प्राधिकरण यांचे संघ होते आणि आहेत, पण तिथे पोहोचण्यासाठी आधी राष्ट्रीय पातळी गाठावी लागते. तिथवर पोहोचायलाच तर ती दहा वर्षे जातात.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप आपल्या ओट्यावर, चावडीवर नेहमी ऐकू येणारा आहे: भुकेनेच माणूस घडतो, पोटात आग असली की पायांत वेग येतो, सुखवस्तू घरची मुलगी असा खेळ खेळूच शकत नाही. हे बोलणे ऐकायला भारदस्त वाटते, पण त्यात मोजणीची एक साधी चूक आहे. जी टिकली तिलाच आपण पाहतो. सारिकांच्याच वयाच्या, त्याच परिस्थितीतल्या किती मुली पंधराव्या-सोळाव्या वर्षी मैदान सोडून गेल्या, त्यांची नावे कोणत्याही पुरस्काराच्या यादीत येत नाहीत. भुकेने खेळाडू घडत असते तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक दुष्काळी तालुक्यातून एकेक अर्जुन पुरस्कार आला असता. दिवसाला एकदा जेवून एक मुलगी भारताची कर्णधार झाली, यातून भूक उपयोगी असल्याचे सिद्ध होत नाही. सिद्ध होते एवढेच की तिची कुवत भुकेलाही पुरून उरली. दोन वेळा जेवली असती तर काय झाले असते, हे आपण कधीच जाणू शकणार नाही, आणि माझ्या लेखी या सगळ्या कथेतले सर्वांत मोठे नुकसान तेच आहे.

या आक्षेपाला शरीराचेही उत्तर आहे. खो-खोतली धाव सरळ रेषेतली नसते. बसल्या जागेवरून उठायचे, दोन पावलांत पूर्ण वेग गाठायचा, हूल ओळखून थांबायचे, खांबावर सूर मारायचा, पडायचे, पुन्हा उठायचे. गुडघे, घोटे, पाठ यांच्यावर येणारा ताण मोठा असतो आणि तो भरून काढायला प्रथिने, लोह आणि झोप लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. म्हणजे आपल्या मैदानावर उतरणाऱ्या मुलींपैकी बऱ्याच जणी खेळ सुरू होण्याआधीच दमलेल्या असतात. त्यांना आपण आळशी म्हणतो, खेळात मन नाही म्हणतो. आणि ज्या घरात ताटात कमी पडते, तिथे ते आधी मुलीच्या ताटात कमी पडते, हे सांगायला कोणत्याही सर्वेक्षणाची गरज नाही.

दुसरा आक्षेप असा, की खो-खो हा गरिबाचा खेळ आहे, त्याला काही लागतच नाही. ना बॅट, ना काठी, ना महागडे बूट. दोन खांब रोवले, फक्की मारली, झाले मैदान. ही या खेळाची खरी ताकद आहे आणि तिचा अभिमान बाळगावा. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर या खेळाला नियमांची चौकट मिळाली, १९६० च्या सुमारास महिलांची राष्ट्रीय स्पर्धा कोल्हापुरात सुरू झाली, आणि पुढे तो खेडोपाडी पसरला, तो याच स्वस्ताईमुळे. पण स्वस्त कुणासाठी? शाळेसाठी, संयोजकांसाठी. खेळाडूसाठी तो स्वस्त नाही, कारण इथे साहित्याच्या जागी तिचे स्वतःचे शरीर आहे. हॉकीची काठी मोडली तर दोरी गुंडाळून चालवता येते. गुडघ्याला दोरी गुंडाळता येत नाही. साहित्याचा खर्च वाचला म्हणून जो पैसा उरला, तो आपण खेळाडूच्या अन्नावर लावायला हवा होता. आपण तो वाचलाच असे धरून चाललो. त्यातून आता मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. मातीवर शिकलेल्या मुलीला मॅटवर वेगळे बूट, वेगळा सराव लागतो, त्यामुळे काही लागत नाही हे म्हणणेही जुने झाले.

तिसरे म्हणणे अधिक विचारी माणसांचे आहे. ते म्हणतात, आता दिवस बदलले. खेलो इंडिया आहे, निवडलेल्या खेळाडूला दरमहा १०,००० रुपये हातखर्चाला मिळतात. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक लीग २०२२ मध्ये पुण्यात सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला, महिलांची कर्णधार प्रियंका इंगळे आणि पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे. महिलांच्या त्या संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदेही होती. मग रडगाणे कशाला? यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे आणि प्रत्येकीचे मी मनापासून स्वागत करतो. अंतिम सामन्यात नेपाळविरुद्ध ७८-४० असा विजय मिळवणाऱ्या मुलींकडे पाहून ज्याचा ऊर भरून आला नाही, त्याच्याशी मला वाद घालायचा नाही. पण या योजना कोणत्या टोकाला येतात ते पाहा. नोकरीतले आरक्षण मिळते ते राज्य-राष्ट्रीय पातळीवरच्या प्रमाणपत्रावर, म्हणजे प्रवास संपल्यावर. शिष्यवृत्ती मिळते ती कामगिरी दाखवून निवड झाल्यावर. आणि लीगचे पहिले दोन्ही हंगाम, पुण्यातला आणि कटकमधला, पुरुषांच्या सहा संघांत झाले. ज्या राज्याच्या महिला संघाने या खेळावर इतकी वर्षे हुकूमत गाजवली, त्या राज्यातल्या मुलींना बाजारानेही तेव्हा दार उघडले नाही. तेराव्या वर्षी मैदानावर आलेल्या आणि अजून काहीच न जिंकलेल्या मुलीसाठी यांतले काय आहे?

तिच्यासाठी एक गोष्ट होती, आणि ती नेमकी त्याच वयात काढून घेतली जाते. शाळेतला पोषण आहार पहिली ते आठवीपर्यंत मिळतो. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी त्याचे प्रमाण ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने असे ठरलेले आहे. नववीत गेलेल्या मुलीला तो मिळत नाही. चौदाव्या वर्षी, जेव्हा मुलगी उंच होते, रक्ताची गरज वाढते, सराव एक तासाचा दोन तासांवर जातो आणि जिल्हा-विभागाच्या स्पर्धा सुरू होतात, त्याच वर्षी दुपारचे ताट बंद होते. हा नियम कुणी खेळाडूंना मारायला केलेला नाही, तो वेगळ्या हेतूने केलेला आहे. पण परिणाम मैदानावर दिसतो. आठवीपर्यंत बरे खेळणाऱ्या मुली नववीत मागे का पडतात, असा प्रश्न क्रीडाशिक्षकांना पडतो, तेव्हा अभ्यास, वय, घरचे दडपण, लग्नाची घाई ही कारणे दिली जातात. ती खरीच आहेत. त्या यादीत हे बंद झालेले ताट मात्र कुणी धरत नाही.

आणखी एक शंका उरते. ऑलिंपिकमध्ये नसलेल्या खेळावर एवढा जीव का टाकावा? कुस्ती, नेमबाजी, तिरंदाजी यांच्यावर खर्च केला तर देशाला पदके तरी मिळतील. माझे उत्तर असे की जळकोट किंवा रुईभरसारख्या गावात नेमबाजीची रेंज नाही, आणि येत्या काही वर्षांत येईल असेही नाही. इथे जे मैदान आहे, जो प्रशिक्षक आहे, जी परंपरा आहे ती खो-खोची आहे. २०२२ मध्ये वरिष्ठ गटाची राष्ट्रीय स्पर्धा आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी भरली, ती या परंपरेच्या बळावर. माणसाने आपल्या जमिनीत जे पिकते ते आधी पेरावे. शिवाय पदक हे या गुंतवणुकीचे एकमेव पीक नाही. नीती आयोगाने देशातल्या मागास जिल्ह्यांच्या यादीत ज्याचा समावेश केला, त्या जिल्ह्यातली एक मुलगी तालुक्याची क्रीडा अधिकारी झाली, इतर मुलींच्या खेळाचे काम पाहू लागली. ऑलिंपिक पदकापेक्षा मी याला कमी लेखणार नाही.

पुरस्काराच्या रकमेचा एक हिशेब मांडतो. २०२० साली अर्जुन पुरस्काराची रक्कम ५ लाखांवरून १५ लाख रुपये करण्यात आली, ते योग्यच झाले. आता समजा, एखाद्या गावात खो-खो खेळणाऱ्या पंधरा मुली आहेत. सरावानंतर प्रत्येकीला दोन उकडलेली अंडी किंवा मूठभर मोड आलेली मटकी, एक केळे, एक शेंगदाण्याचा लाडू द्यायचा. दर मुलीमागे दिवसाला ३० रुपये धरले, तर पंधरा जणींचे ४५० रुपये होतात. वर्षातले ३०० दिवस सराव धरला तर १ लाख ३५ हजार. म्हणजे एका पुरस्काराच्या रकमेत एक अख्खा संघ अकरा वर्षे सरावानंतर उपाशी घरी जाणार नाही. सारिका काळे यांच्या भुकेची वर्षे दहा होती. पुरस्काराची रक्कम कमी करा, असे मी म्हणत नाही. ती त्यांनी कमावलेली आहे आणि आणखी मोठी असायला हवी. मी एवढेच दाखवतो आहे की जी गोष्ट आपल्याला अशक्य वाटते तिची किंमत आपल्या आवाक्यातली होती. गावच्या एका यात्रेत, एका मिरवणुकीत, एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फलकांवर याहून अधिक पैसा जातो, आणि हे बोलताना माझ्या मनात राग आहे, तो मी लपवत नाही.

सारिका काळे यांना कुणी उभे केले, हा प्रश्न मी शेवटी पुन्हा विचारतो, कारण त्याचे उत्तर आपल्याला लाज वाटायला लावणारे आहे आणि मार्गही दाखवणारे आहे. मैदानावर नेणारा एक नातेवाईक. घर चालवणारे आजी-आजोबा. सुईदोऱ्यावर दिवस काढणारी आई. वर्षानुवर्षे मैदानावर उभा राहणारा आणि वेळेला घरी जाऊन समजूत घालणारा प्रशिक्षक. ज्याला कॅनडात करार म्हणतात, ते काम इथे या चार-पाच माणसांनी केले. त्यांची थोरवी मान्य करूनही म्हणतो, की एका मुलीची कारकीर्द एका आजीच्या जागरूकतेवर अवलंबून ठेवणे हा समाजाचा निष्काळजीपणा आहे. ती आजी नसती तर? प्रशिक्षक त्या दिवशी गावाला गेलेले असते तर? भारताला त्या वर्षी दुसरी कर्णधार मिळाली असती, कदाचित सुवर्णही मिळाले असते. पण धाराशिवला सारिका काळे मिळाल्या नसत्या.

म्हणून या व्यासपीठावरून जळकोटकरांकडे माझे एक मागणे आहे. शासनाने पोषण आहार दहावीपर्यंत, निदान शाळेच्या संघात खेळणाऱ्या मुलामुलींसाठी तरी, न्यावा, ही मागणी आपण ग्रामसभेच्या ठरावाने जिल्हा परिषदेकडे पाठवू शकतो, आणि ती पाठवावी. त्या ठरावाचे उत्तर येईपर्यंत थांबू नये. गावातल्या शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि क्रीडाशिक्षकांना विचारून नववी ते बारावीच्या ज्या मुली मैदानावर येतात त्यांची यादी करा. त्यांतली कोण घरून काय खाऊन येते, हे एखाद्या जाणत्या बाईला, आशाताईंना किंवा अंगणवाडीच्या ताईंना हळुवारपणे पाहायला सांगा. मुलींची नावे फलकावर लावू नका. या व्याख्यानमालेत हार, शाल, श्रीफळ यांवर होणारा खर्च पुढच्या वर्षीपासून त्या यादीकडे वळवा, सुरुवात आजच्या माझ्या मानधनापासून करा. बाकीच्या दिवसांसाठी महिन्यातून एक दिवस एकेका घराने वाटून घ्यावा. सोमवारी संध्याकाळी सराव संपेल तेव्हा पहिला डबा कुणाच्या घरून जाणार, एवढे आज इथून उठण्याआधी ठरवू या.